ऐतिहासिक शिडाच्या जहाजाचा लाकडी प्रतिकृतिसंच : सागरी इतिहासाच्या अध्यापनाचे एक साधन (कुही परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश

ऐतिहासिक शिडाच्या जहाजांची लाकडी प्रतिकृती घरच्या घरी बांधता यावी यासाठी नवशिक्यांकरिता तयार संच मिळतात. छंद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या साधनाचे स्वरूप, बांधणीचे टप्पे व त्यामागील तत्त्वे प्रस्तुत लेखात स्पष्ट केली आहेत. अशा संचांत गृहीत धरलेली बांधणीची रीत मुख्यतः युरोपीय आहे. त्यामुळे भारतीय व विशेषतः मराठी जहाजांच्या अध्ययनासाठी हे साधन जसेच्या तसे स्वीकारता येत नाही, ही बाब गुराब, गलबत व अजिंठ्याच्या चित्रातील जहाज यांच्या आधारे मांडली आहे. शेवटी समुद्रापासून दूर असलेल्या कुहीसारख्या तालुक्यातील महाविद्यालयात या साधनाचा अल्प खर्चात उपयोग कसा करता येईल, याचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : प्रतिकृती, प्रमाण, गुराब, गलबत, अजिंठा, वाकाटक, सागरी इतिहास.

प्रस्तावना

मराठ्यांच्या इतिहासात आरमाराचे स्थान महत्त्वाचे आहे. इ. स. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यानंतर शिवाजी महाराजांनी कल्याणच्या खाडीत जहाजबांधणी सुरू केली. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या काळात या आरमाराने पश्चिम किनाऱ्यावर आपला दरारा निर्माण केला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ जागतिक वारसा यादीत समाविष्ट केली. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग या जलदुर्गांचाही समावेश आहे. दुर्गांचे दगड टिकले, परंतु ज्या लाकडी जहाजांच्या बळावर हे दुर्ग उभे राहिले ती जहाजे मात्र काळाच्या ओघात नष्ट झाली.

परिणामी विद्यार्थ्यांच्या दृष्टीने गुराब, गलबत, तरांडे, शिबाड, मचवा हे पाठ्यपुस्तकातील केवळ शब्द उरतात. ज्या विद्यार्थ्याने समुद्र पाहिलेला नाही त्याच्यासाठी तर ही अडचण अधिकच तीव्र होते. परीक्षेत ‘मराठ्यांची जहाजे उथळ पाण्यात चालत असत’ असे वाक्य तो लिहितो, परंतु जहाज उथळ पाण्यात कशामुळे चालते, हे त्याला सांगता येत नाही. या दोहोंमधील अंतर कमी करण्यास प्रतिकृतीची बांधणी साहाय्यभूत ठरते काय, हा प्रस्तुत लेखातील मुख्य प्रश्न आहे.

प्रतिकृतिसंचाचे स्वरूप

जहाजाची प्रतिकृती हे मूलतः खेळणे नव्हे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये युद्धनौकांच्या प्रमाणबद्ध लाकडी प्रतिकृती मोठ्या कौशल्याने तयार केल्या जात, व त्यांतील अनेकींत सांगाडा दिसावा म्हणून खालचा भाग उघडा ठेवलेला असे. आजचे संच हे त्याच परंपरेचे सुलभ रूप होय. इटली, स्पेन, अमेरिका इत्यादी देशांत असे संच तयार होतात. कोलंबसची ‘सांता मारिया’, नेल्सनची ‘व्हिक्टरी’, चहाची वाहतूक करणारी ‘कटी सार्क’ ही त्यांतील लोकप्रिय जहाजे होत.

नवशिक्यासाठीच्या संचात सामान्यतः पुढील वस्तू असतात : प्लायवूडमधून कापलेला कण्याचा उभा तुकडा, त्यावर खाचांत बसणारे आडवे छेद, लाकडाच्या लांब पातळ पट्ट्या, डोलकाठ्या व परबाणांसाठी गोल काड्या, दोन-तीन जाडीचे दोरे, शिडाचे कापड, धातूचा नांगर, कप्प्या यांसारखे लहान भाग आणि आराखडा. जहाजाच्या कण्यास मराठीत ‘पठाण’ अशी जुनी संज्ञा आहे. हत्यारे मात्र वेगळी घ्यावी लागतात. धारदार सुरी, बारीक कानस, पॉलिश पेपर, चिमटा, कपडे वाळत घालण्याचे चाप व लाकूड जोडण्याचा पांढरा गोंद एवढ्यांवर पहिली प्रतिकृती पूर्ण होऊ शकते.

प्रमाणाचा विचार

संचावर १:५०, १:६४ असे प्रमाण छापलेले असते. १:५० याचा अर्थ मूळ जहाजाचे ५० सेंटिमीटर प्रतिकृतीत १ सेंटिमीटर होतात. भारतीय नौदलाच्या ‘कौंडिण्य’ या जहाजाची लांबी सुमारे १९.६ मीटर व रुंदी सुमारे ६.५ मीटर आहे. १:५० प्रमाणात ही लांबी ३९.२ सेंटिमीटर व रुंदी १३ सेंटिमीटर येते, आणि १.७ मीटर उंचीचा खलाशी ३.४ सेंटिमीटरचा होतो. वर्गातील एका बाकावर मावेल असा हा आकार आहे.

परंतु सर्व राशी एकाच पटीने लहान होत नाहीत. लांबी ५० पटींनी कमी झाली तर शिडाचे क्षेत्रफळ २,५०० पटींनी आणि घनफळ १,२५,००० पटींनी कमी होते. म्हणजे ५० टन वजनाच्या जहाजाची तंतोतंत प्रतिकृती अवघ्या ४०० ग्रॅमची होईल. याचा एक परिणाम लक्षणीय आहे. जहाजास कलवणारा वाऱ्याचा जोर शिडाचे क्षेत्रफळ व त्याची उंची यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो, म्हणून तो लांबीच्या तिसऱ्या घातानुसार बदलतो. जहाजास पुन्हा सरळ करणारा जोर मात्र वजन व अंतर यांच्या गुणाकारावर, म्हणजे लांबीच्या चौथ्या घातानुसार बदलतो. त्यामुळे त्याच वाऱ्यात प्रतिकृती मूळ जहाजाच्या तुलनेत ५० पट सहज कलंडते. शोभेची प्रतिकृती पाण्यात सोडली की आडवी होते, त्याचे कारण बांधणाऱ्याची चूक हेच असते असे नाही. ती तरंगती ठेवायची असल्यास तळाशी जादा वजन द्यावे लागते. जहाजाच्या तळात दगड किंवा जड माल भरण्याची जुनी पद्धत याच तत्त्वाने समजते.

बांधणीचे टप्पे

पहिल्या टप्प्यात कण्याच्या तुकड्यावर आडवे छेद काटकोनात बसवून चिकटवले जातात. येथे झालेली अर्ध्या मिलिमीटरची चूक पुढे वाढत जाते, म्हणून गोंद वाळेपर्यंत प्रत्येक छेद गुण्याने तपासणे आवश्यक असते. दुसऱ्या टप्प्यात छेदांच्या कडा तिरप्या घासल्या जातात. जहाज दोन्ही टोकांकडे निमुळते असल्याने पट्टी प्रत्येक छेदावर सपाट टेकली पाहिजे, केवळ कडेवर नव्हे. लवचीक पट्टी लावून हे वारंवार पाहिले जाते.

तिसरा टप्पा पट्ट्या बसवण्याचा होय. नवशिक्यांचा अंदाज बहुधा येथेच चुकतो. समजा, जहाजाच्या मध्यभागी एका बाजूचा परीघ ६० मिलिमीटर आहे व नाळेजवळ, म्हणजे पुढील टोकाजवळ, तो ३६ मिलिमीटर आहे. पट्टी ५ मिलिमीटर रुंद असल्यास मध्यभागी १२ पट्ट्या लागतील. त्याच १२ पट्ट्या नाळेजवळ ३६ मिलिमीटरमध्ये मावायच्या असतील, तर तेथे प्रत्येक पट्टी ३ मिलिमीटर रुंद असली पाहिजे. म्हणजेच प्रत्येक पट्टी टोकाकडे निमुळती कापावी लागते. हा हिशेब न करता सरळ पट्ट्या लावल्यास त्या एकमेकींवर चढतात. पट्टी मूळ रुंदीच्या निम्म्याहून कमी करू नये, असा संकेत आहे. त्याहून कमी करण्याची वेळ आल्यास एक पट्टी मध्येच थांबवून शेजारील पट्टीत खाच करून बसवली जाते.

पट्ट्यांस वाक देण्यासाठी त्या पाण्यात भिजवून उष्णता दिली जाते. डाव्या बाजूस एक पट्टी लावली की लगेच उजव्या बाजूस तिची जोडीदार लावावी लागते. अन्यथा ओढ एकाच बाजूस पडून कणा पिळवटतो. अनेक संचांत पट्ट्यांचे दोन थर असतात. पहिल्या जाड थरातील फटी भरून व घासून घेतल्या की दुसरा पातळ थर त्यावर बसतो. त्यामुळे पहिल्या थरातील चुका झाकल्या जातात व नवशिक्यास दुसरी संधी मिळते.

शेवटचा टप्पा डोलकाठ्या, परबाणे व दोरांचा होय. दोर दोन प्रकारचे असतात. डोलकाठीस ताठ धरणारे दोर स्थिर असतात; त्यांना डांबर लावले जात असल्याने प्रतिकृतीत ते काळसर दाखवतात. शिडे चढवणारे व फिरवणारे दोर चल असतात आणि ते फिक्या रंगाचे घेतात. दोन्हींचा भेद हाताने एकदा बांधून पाहिला की शिडाच्या जहाजास वारा मागून नसतानाही पुढे कसे नेता येते, हा प्रश्न विद्यार्थ्यास स्वतःहून पडू लागतो.

संचातील गृहीतक : सांगाडा आधी की कवच आधी

वर वर्णिलेल्या रीतीत आधी सांगाडा उभा राहतो व नंतर त्यावर फळ्या चढतात. युरोपात गेल्या काही शतकांत रूढ झालेली हीच रीत होती. परंतु जगातील सर्व जहाजे अशी बांधली गेली नाहीत. भारताच्या किनाऱ्यावरील शिवणीच्या जहाजांत फळ्या कडेला कड लावून काथ्याच्या दोरीने एकमेकींस शिवल्या जात, व कवच तयार होत आल्यावर आतील फासळ्या त्यात बसवल्या जात. येथे जहाजाचा आकार सांगाडा ठरवत नाही. तो फळ्यांच्या वळणातून घडतो आणि त्याचे ज्ञान मेस्त्रीच्या नजरेत व हातात असते. आराखड्याचा कागद या पद्धतीत अपरिहार्य नसतो.

याचा अर्थ भारतीय कारागिरांना आराखड्यावर काम करता येत नव्हते असा नव्हे. ‘त्रिंकोमाली’ ही ब्रिटिश युद्धनौका मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारच्या सागवानातून बांधली गेली व १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. तिचे आराखडे घेऊन येणारे ‘जावा’ हे जहाज १८१२ च्या अखेरीस युद्धात नष्ट झाले. त्यामुळे नव्या प्रती येईपर्यंत काम लांबले आणि कणा १८१६ मध्ये ठेवला गेला. ही नौका आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत्या अवस्थेत जतन केलेली आहे. मुंबईच्या सुतारांच्या हातचे काम पाहण्यासाठी इंग्लंडला जावे लागते, ही वस्तुस्थिती अभ्यासकांनी लक्षात घेण्यासारखी आहे.

आराखडा असलेले जहाज नष्ट झाले तरी त्याचा संच तयार करता येतो. ज्याचा आराखडा कागदावर कधी उतरलाच नाही, ते जहाज संचाच्या दुनियेत येत नाही. बाजारातील संचांत युरोपीय जहाजांचा भरणा असण्याचे हे एक महत्त्वाचे कारण मानता येईल.

गुराब व गलबत : लिखित वर्णनावरून प्रतिकृती

मराठी जहाजांविषयी लिखित साधने अगदीच नाहीत असे नाही. इ. स. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्य यांनी रचलेल्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र विवेचन आहे. पाच गुराबा व पंधरा गलबते यांचा एक सुभा करावा, असे त्यात सुचवले आहे. आरमारासाठी सागवान परवानगीने तोडावे, परंतु रयतेने लेकरांप्रमाणे वाढवलेल्या आंबा-फणसाच्या झाडांस हात लावू नये, अशी त्यातील भूमिका प्रसिद्धच आहे.

जहाजांच्या आकाराचे वर्णन रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने १७६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केले आहे. त्यानुसार दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे १५० टनांची व तीन डोलकाठ्यांची सुमारे ३०० टनांची असे. लांबीच्या मानाने ती फार रुंद, पाण्यात कमी बुडणारी व मध्यापासून टोकाकडे निमुळती होत जाणारी होती. नाळेच्या जागी पुढे आलेले लांब टोक असे आणि त्यावरून मारा करणाऱ्या दोन तोफा पुढील बाजूस रोखलेल्या असत. गलबत हे तशाच घडणीचे, परंतु लहान; मोठ्यात मोठे गलबतही क्वचितच ७० टनांच्या वर जाई. त्यास त्रिकोणी शीड व ४० ते ५० वल्ही असत.

हे वर्णन वाचताना माहितीची यादी वाटते. ते पुठ्ठ्यावर उतरवू लागताच त्यातील तर्क उलगडतो. जहाज रुंद ठेवल्यास तेवढेच वजन कमी खोलीवर पेलले जाते, म्हणून ते खाडीत शिरू शकते व खोल तळाचे शत्रूचे जहाज बाहेर राहते. तोफा पुढे असल्याने पाठलाग करताना जहाज आडवे वळवावे लागत नाही. वारा पडला की गलबतांनी वल्ह्यांच्या बळावर गुराबेस ओढत न्यावे, हे पाच व पंधरा या संख्यांमागील एक कारण असावे, असा तर्क करण्यास वाव आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्ग येथे आंग्र्यांचे आरमार आगीत भस्मसात झाले. पेशवे व इंग्रज यांनी मिळून केलेल्या त्या मोहिमेत नेमके काय गमावले गेले, हे जहाजाची घडण समजल्याशिवाय पूर्णपणे कळत नाही.

तथापि येथे एक धोका संभवतो. वर्णनात दोरांची मांडणी, फळ्यांची जाडी, मागील भागाची घडण यांविषयी पुरेसा तपशील नाही. प्रतिकृती मात्र अपूर्ण ठेवता येत नाही. बांधणाऱ्यास कोणतातरी आकार द्यावाच लागतो. अशी प्रतिकृती काचेच्या पेटीत ठेवून खाली ‘मराठ्यांची गुराब’ अशी पाटी लावली की अनुमानाचे रूपांतर पुराव्यात होते. यावर एक साधा उपाय सुचवता येईल. प्रतिकृतीचे भाग तीन रंगांत दाखवावेत : साधनांत स्पष्ट आधार असलेले, समकालीन जहाजांच्या तुलनेने अनुमानिलेले, आणि केवळ बांधणीच्या सोयीसाठी घेतलेले. अशी प्रतिकृती कमी देखणी दिसेल, परंतु ऐतिहासिक पद्धतीचा तो प्रामाणिक धडा ठरेल.

अजिंठ्याचे जहाज व ‘कौंडिण्य’

अनुमान व पुरावा यांचा असा मेळ अलीकडे प्रत्यक्षात घालण्यात आला. अजिंठा येथील क्रमांक २ च्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे जहाज चित्रित आहे. उंच शिडे, मागील बाजूचे सुकाणूचे वल्हे, नाळेवरील डोळा व मांडून ठेवलेली भांडी त्यात दिसतात. हे चित्र पूर्णाच्या अवदानकथेशी संबंधित असून पूर्ण हा शूर्पारक म्हणजे आजच्या सोपाऱ्याचा मानला जातो. या चित्राच्या आधारे शिवणीचे जहाज बांधण्याचा करार जुलै २०२३ मध्ये सांस्कृतिक मंत्रालय, भारतीय नौदल व गोव्यातील होडी इनोव्हेशन्स ही संस्था यांच्यात झाला. केरळचे मेस्त्री बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखालील कारागिरांनी फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या.

चित्रातून जहाजाच्या पाण्याखालील भागाचा नेमका आकार कळत नाही. म्हणून नौदलाने आय.आय.टी. मद्रासच्या सागरी अभियांत्रिकी विभागाच्या सहकार्याने प्रतिकृतीच्या चाचण्या घेऊन जहाजाचे पाण्यातील वर्तन तपासले. मे २०२५ मध्ये कारवार येथे हे जहाज नौदलात दाखल झाले. २९ डिसेंबर २०२५ रोजी ते पोरबंदरहून निघाले व जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचले. चित्र, प्रतिकृती, जहाज व प्रवास असा हा क्रम आहे. त्यात प्रतिकृतीने बजावलेली भूमिका निर्णायक होती, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

कुही परिसरातील उपयोजन

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या कुहीतील विद्यार्थ्याचा या सर्वाशी संबंध काय, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर याच तालुक्याच्या इतिहासात आढळते. अजिंठ्याची ही चित्रे वाकाटक काळातील आहेत, आणि वाकाटकांचे ताम्रपट कुही तालुक्यातील मांढळ येथे मिळाले आहेत. याच तालुक्यातील अडम येथील उत्खननात ‘अस्सक जनपद’ असा उल्लेख असलेली मुद्रा व सातवाहनकालीन अवशेष सापडले. सातवाहनांच्या नाण्यांपैकी एका प्रकारावर दोन डोलकाठ्यांचे जहाज कोरलेले आहे. ज्यांच्या राजवटीत हा भूप्रदेश होता त्यांनी नाण्यावर व त्यांच्या काळातील चित्रकारांनी भिंतीवर जहाज रेखाटले. देशावरील माणसास समुद्र परका होता, हा समज त्यामुळे तपासून घ्यावा लागतो.

दुसरे साधन वर्तमानात आहे. तालुक्यातील अंभोरा येथे वैनगंगा, कन्हान, आम, मुरझा व कोलारी या नद्यांचा संगम आहे. गोसीखुर्द प्रकल्पाच्या जलाशयामुळे तेथील पाण्याचा विस्तार वाढला, आणि २०२४ मध्ये खुल्या झालेल्या पुलामुळे पैलतीरी जाण्यासाठी नावेवर विसंबून राहण्याची गरज कमी झाली. ढिवर समाजातील मासेमारांच्या नावा व डोंगे हे येथील विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोरचे जलयान आहे. परदेशी संच विकत घेण्यापूर्वी अशा एका नावेची लांबी, रुंदी व खोली ठरावीक अंतरावर मोजून तिचे आडवे छेद आलेख कागदावर काढणे हा उत्तम प्रारंभ होय. मोजणी करताना नाव चालवणाऱ्याने दिलेले शब्द व कारणे नोंदवावीत. आराखडा कधीच न झालेल्या ज्ञानाची ही पहिली नोंद ठरू शकते.

आयात केलेले संच महाग असतात, परंतु त्यांची पद्धत स्थानिक साहित्यात उतरवता येते. छेदांसाठी जाड पुठ्ठा, पट्ट्यांसाठी बांबूच्या तासलेल्या कामट्या किंवा सुताराकडील सागवानाच्या पातळ पट्ट्या, दोरांसाठी सुती दोरा एवढे साहित्य पुरेसे आहे. पाच विद्यार्थ्यांचा एक गट एका सत्रात एक प्रतिकृती पूर्ण करू शकेल. काही गटांनी सांगाडा आधी व काहींनी कवच आधी या रीतीने बांधणी केल्यास दोन्हींतील भेद व्याख्यानावाचून स्पष्ट होईल.

हा उपक्रम एका विषयापुरता मर्यादित राहत नाही. गणिताच्या अध्यापकास प्रमाण, भौतिकशास्त्राच्या अध्यापकास स्थैर्य, भूगोलाच्या अध्यापकास मोसमी वारे व इतिहासाच्या अध्यापकास साधनचिकित्सा यांसाठी त्यात वाव आहे. मराठीच्या अध्यापकासही त्यात स्थान आहे. ‘सुकाणू’ हा शब्द आज समित्यांच्या नावात वापरला जातो, तर ‘नांगर’ हा शब्द शेतकऱ्याच्या व खलाशाच्या दोघांच्याही अवजारास लागू आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये अपेक्षिलेली बहुविद्याशाखीयता व कौशल्याधारित अध्ययन यांचे हे एक साधे उदाहरण होऊ शकते.

निष्कर्ष

नवशिक्यांसाठीचा लाकडी प्रतिकृतिसंच हा जहाजाची रचना समजून घेण्याचा सुलभ मार्ग आहे. तो प्रमाण, अचूकता व संयम शिकवतो. तथापि त्यातील बांधणीची रीत ही एका विशिष्ट परंपरेची आहे, याचे भान अध्यापकाने राखले पाहिजे. मराठी जहाजांची प्रतिकृती करताना पुरावा व अनुमान यांतील सीमारेषा प्रतिकृतीवरच दिसली पाहिजे. अन्यथा अभिमानाच्या भरात नवी दंतकथा निर्माण होण्याचा संभव आहे. कुहीसारख्या ठिकाणी या अभ्यासाचा आरंभ अंभोऱ्याच्या नावेपासून व्हावा, हे अधिक इष्ट. ज्या मेस्त्र्यांनी गुराबा बांधल्या त्यांच्या हातांची नोंद कोणी ठेवली नाही. आज नाव बांधणाऱ्या व वल्हवणाऱ्या हातांची नोंद ठेवणे मात्र अद्याप शक्य आहे, आणि ते काम ग्रामीण महाविद्यालये करू शकतात.